पाटीच्या दगडावरची द्राक्षं

चिंचगुळाच्या आमटीत गूळ जरा जास्त पडला की तो काढून घेता येत नाही. मग चिंचेचा कोळ वाढवावा लागतो. वाढवल्यावर आमटी आधीपेक्षा आंबटही असते आणि गोडही, पण खाणाऱ्याला ती यांतली एकही वाटत नाही. ती नुसती जमून आलेली असते. जर्मनीतल्या मोझेल नदीच्या काठी रीसलिंग द्राक्षाची जी वाइन होते, तिचा सगळा हिशेब या आमटीसारखाच आहे. म्हणून मराठी माणसाला ती समजावून सांगायला खरं तर दोन मिनिटं पुरावीत. प्रत्यक्षात तसं होत नाही, कारण मध्ये एक समजूत आडवी येते: गोड वाइन ही नवख्यांची, जाणकार कोरडीच (म्हणजे साखर जवळजवळ न उरलेली) पितात. ही समजूत वाईट गोड वाइन पिऊन झालेली असते. तशी वाइन जगात भरपूर आहे आणि मोझेलच्या नावानेही विकली जाते. चांगली कुठली, ती कोण करतं आणि दुकानातल्या फळीसमोर उभं राहून ती कशी ओळखायची, हे इथे सांगायचं आहे.

आधी हिशेब. द्राक्षाच्या रसाची गोडी जर्मनीत 'एक्सले' या मापाने मोजतात. एक लिटर रस एक लिटर पाण्यापेक्षा जितके ग्रॅम जड, तितके एक्सले. 78 एक्सले म्हणजे त्या रसाचं लिटर 1,078 ग्रॅम भरतं. नाशिक-सांगलीचे बागायतदार ब्रिक्समध्ये बोलतात, त्यांच्यासाठी हे साधारण 19 ब्रिक्स झालं. एवढी साखर पूर्ण आंबली तर सुमारे 10.3 टक्के अल्कोहोल तयार होईल. पण वाइन करणारा 8 टक्क्यांवरच पिंप थंड करतो, थोडं सल्फर घालतो, यीस्ट झोपतं आणि आंबणं थांबतं. राहिलेल्या 2.3 टक्क्यांची साखर रसात तशीच उरते. एक टक्का अल्कोहोलला साधारण 17 ग्रॅम साखर लागते, म्हणजे लिटरमागे 40 ग्रॅमच्या आसपास. कोलाच्या लिटरमध्ये शंभर ग्रॅमच्या वर साखर असते, त्याच्या निम्मीही नाही. आणि समोर आम्ल उभं असतं लिटरमागे आठ-साडेआठ ग्रॅम, जे बहुतेक पांढऱ्या वाइनपेक्षा बरंच जास्त आहे. या आम्लाशिवाय ती 40 ग्रॅम साखर नुसती चिकटली असती. या साखरेशिवाय ते आम्ल दात आंबवून गेलं असतं.

एवढं आम्ल टिकतं ते थंडीमुळे. मोझेलचा पट्टा पन्नासाव्या अक्षांशाच्या जवळ आहे. द्राक्ष सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत वेलीवर राहतं, रात्री गार असतात, म्हणून साखर सावकाश चढते आणि आम्ल सावकाश उतरतं. आपल्याकडे द्राक्ष जानेवारी ते मार्चमध्ये काढतात आणि उन्हात साखर चढेपर्यंत आम्ल बरंचसं जळून गेलेलं असतं. नाशिकला सुलाने रीसलिंगची वाइन केली आहे. ती चाखताना मोझेलची फुटपट्टी लावणं अन्यायाचं, कारण जमिनीने आणि हवेने दिलेला कच्चा मालच वेगळा आहे.

मोझेलची जमीन म्हणजे स्लेट. शाळेतली जुनी पाटी ज्या दगडाची असायची, तोच दगड. डोंगरउतारावर तळहाताएवढ्या कपच्यांचा थर पसरलेला असतो, पाय ठेवला की खालून खळखळ आवाज करत सरकतो. माती अशी फारशी दिसतच नाही. दिवसभर तापलेल्या पाट्या संध्याकाळनंतर ऊब सोडत राहतात, पावसाचं पाणी थांबत नाही, आणि समोरच्या नदीवरून उलटून आलेला उजेडही वेलींना मिळतो. दक्षिणेकडे तोंड असलेला चढ आणि उत्तरेकडे तोंड असलेला चढ यांत एकाच गावात जमीनअस्मानाचा फरक पडतो. एकोणिसाव्या शतकात इथे राज्य करणाऱ्या प्रशियाच्या सरकारला हे पक्कं ठाऊक होतं. ट्रिअर जिल्ह्यातल्या मळ्यांचा 1868 सालचा एक नकाशा आहे. त्यात सारा ज्या प्रतवारीवर घेतला जायचा, ती प्रतवारी रंगाने दाखवली आहे: रंग जितका गडद, तितका चढ भारी. आजही बाटली घेताना हा महसुली नकाशा बहुतेक समीक्षकांपेक्षा भरवशाचा ठरतो.

दगडाची आणखी एक मेहेरबानी म्हणजे फायलोक्सेरा. मुळं खाणारी ही माव्यासारखी कीड एकोणिसाव्या शतकात युरोपभर पसरली आणि तेव्हापासून द्राक्ष अमेरिकन खुंटावर कलम करूनच लावतात. आपले शेतकरी क्षारपड जमिनीसाठी आणि पाण्याच्या ताणासाठी डॉगरीज खुंट वापरतात, त्यातलाच प्रकार. स्लेटच्या कपच्यांत मात्र ही कीड नीट फिरू शकत नाही. त्यामुळे मोझेलच्या काही तुकड्यांवर अजून स्वमुळावरच्या जुन्या वेली उभ्या आहेत.

उभ्या हा शब्द नेमका लागू पडतो. नाशिकला मांडव असतो नाहीतर वाय पद्धत, इथे मात्र जुन्या चढांवर प्रत्येक वेलीला स्वतंत्र खांब. दोन काड्या वाकवून खांबाला बदामाच्या आकारात बांधतात. तारा नसल्यामुळे माणूस चढावर आडवा, तिरपा, कसाही फिरू शकतो आणि सरळ वर चढण्याचा दम वाचतो. 30 टक्क्यांच्या वरचा उतार इथे 'चढाचा मळा' म्हणून धरला जातो. ब्रेम गावचा कालमोंट तर 65 अंशांपर्यंत जातो आणि युरोपातल्या सर्वांत उभ्या मळ्यांत गणला जातो. ट्रॅक्टर चालत नाही. वर नेऊन ठेवलेल्या यंत्राच्या दोराने अवजार ओढायचं, किंवा एका रुळावरून चढणाऱ्या छोट्या गाडीतून खोकी खाली आणायची. बाकी सगळं हाताने, आणि पोलंड-रोमानियातून दर हंगामाला येणाऱ्या मजुरांच्या भरवशावर. सपाटीवरच्या यंत्राच्या मळ्याला जेवढे तास लागतात, त्याच्या कित्येक पट तास इथे एका हेक्टरला जातात.

लहान घराण्यांची शिफारस करायची ती इथूनच. त्यात भाबडेपणा नाही, साधं अर्थशास्त्र आहे. लाखो बाटल्या भरणाऱ्या कंपनीला अशा चढावर काही परवडत नाही, म्हणून ती सपाटीवरची द्राक्षं आणि तयार वाइन विकत घेते. चढ ज्यांच्या घरात आला त्यांनाच तो ओढावा लागतो. तोही एकसंध येत नाही. राइनच्या पश्चिमेचा हा भाग फ्रेंचांच्या ताब्यात होता, तेव्हा चर्चचे मळे लिलावात निघाले आणि सगळ्या मुलांना सारखा वाटा देणारा नेपोलियनचा कायदा लागू झाला. त्याचा परिणाम सातबाऱ्यावर दहा नावं बघितलेल्या माणसाला सांगायला नको. पाच हेक्टरच्या घराण्याचे तुकडे चार गावांत पसरलेले असतात. काही तुकडे दोनशे वेलींचेसुद्धा नसतात. याला कंटाळून, किंवा पुढची पिढी शहरात गेल्यामुळे, मळे पडीक पडतात आणि दोन-तीन वर्षांत काटेरी झुडपं चढ गिळतात. 1990च्या सुमारास मोझेलला 12,000 हेक्टरच्या वर द्राक्षं होती, आता ती साडेआठ हजारांच्या आसपास उरली आहेत.

आता लेबल. जर्मन लेबल अवघड असतं म्हणतात, पण मराठी माणसाकडे त्याची एक किल्ली जन्मजात आहे. गावाच्या नावापुढे 'र' लागला की तो आपला 'कर' समजावा. वेलेन गावचं ते वेलेनर, म्हणजे वेलेनकर. ग्राखर म्हणजे ग्राखकर, पीसपोर्टर म्हणजे पीसपोर्टकर. त्यापुढचा शब्द मळ्याचा. 'वेलेनर झोनेनऊर' म्हणजे वेलेन गावचा, सूर्यघड्याळाचा चढ. ते सूर्यघड्याळ 1842 साली कड्यावर बांधलं गेलं आणि अजून वेळ दाखवतं.

याच किल्लीने फसगतही होते, आणि ती मुद्दाम घडवलेली आहे. 1971च्या कायद्याने सुमारे 2,600 एकेकट्या मळ्यांची नावं नोंदली आणि त्यांच्या जोडीला 'ग्रोसलागे', म्हणजे अनेक गावांच्या जमिनी एका टोपलीत टाकणारी मोठी नावंही मंजूर केली. दोन्हींची लिहिण्याची पद्धत एकच ठेवली. 'पीसपोर्टर गोल्डट्रॉप्फशेन' हा पीसपोर्टचा खरा, नामांकित चढ. 'पीसपोर्टर मिशेल्सबेर्ग' ही टोपली, तिच्यात पीसपोर्टचं एक द्राक्षही नसलं तरी चालतं. 2025पर्यंतच्या पिकांच्या लेबलकडे बघून फरक कळण्याची सोयच नाही. तेव्हा काही नावं पाठच करावीत: मिशेल्सबेर्ग, बेर्नकास्टलर कुरफ्युर्स्टलाय, युर्त्सिगर श्वार्त्सलाय, विल्टिंगर शार्त्सबेर्ग, त्सेलर श्वार्त्से कात्स आणि क्रोवर नाक्टआर्श. शेवटच्याचा अर्थ 'क्रोवचा उघडा पार्श्वभाग' असा आहे आणि लेबलवर चित्रही तसंच असतं, त्यामुळे ते लक्षात ठेवायला कष्ट पडत नाहीत. यांतलं नाव दिसलं आणि बाटली स्वस्त असली, तर ज्या वाइनमुळे गोडीची बदनामी झाली ती हीच.

मग बाटली कोणी भरली ते बघायचं. 'गूट्सआबफ्युलुंग' असेल तर द्राक्षं त्याच घराण्याच्या मळ्यातली आणि वाइनही तिथेच केलेली. 'एर्त्सॉयगरआबफ्युलुंग' असेल तर उत्पादकाने भरलेली, पण यात सहकारी संस्थाही येतात. (सहकारी आहे म्हणून वाईट, असं समजू नये; फक्त ती एका घराची नसते.) नुसतं 'आबफ्युलर' असेल तर कोणीतरी कुठूनतरी आणून भरली आहे.

तिसरी खूण सर्वांत सोपी: अल्कोहोलचा आकडा. काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे हे शब्द गोडीचे आहेत असं सगळे समजतात. खरं तर ते द्राक्ष काढताना त्यात किती साखर होती त्याचे आहेत, चढत्या क्रमाने. श्पेटलेझे पूर्ण आंबवून कोरडीही करता येते, तेव्हा पुढे 'ट्रोकन' लिहितात. हे सगळं विसरायला झालं तरी आकडा पुरतो. 7.5 ते 9 टक्के असेल तर साखर शिल्लक आहे, वाइन गोड-आंबट असणार. 10 ते 11.5 असेल तर मधली, तिला अनेक जण 'फाइनहेर्ब' म्हणतात आणि या शब्दाला कायद्याची नेमकी व्याख्या नाही. 12च्या वर असेल तर कोरडी.

अगदी बारकाईने बघणाऱ्यांसाठी लेबलच्या कोपऱ्यात ए. पी. नंबर असतो. अशी प्रत्येक दर्जाची वाइन ('क्वालिटेट्सवाइन') सरकारी चाचणीला जाते, त्याचा हा नोंदक्रमांक. शेवटचे दोन आकडे चाचणीचं वर्ष, त्याच्या आधीचे त्या घराण्याची त्या वर्षातली कितवी वाइन ते. वरवर निरुपयोगी वाटतं. पण ग्राख गावचं विली शेफर हे चारेक हेक्टरचं घराणं एकाच वर्षी, एकाच 'ग्राखर डोमप्रोब्स्ट' चढावरून दोन वेगळ्या श्पेटलेझे काढतं. दोन्ही लेबलं सारखी, फरक फक्त या नंबरात: 5 आणि 10. पिणारे त्यांना पाच नंबर, दहा नंबर म्हणूनच ओळखतात.

विली शेफर हे पहिलं नाव मुद्दाम घेतलं. डोमप्रोब्स्ट आणि हिमेलराइख हे त्यांचे दोन मुख्य चढ, द्राक्ष फक्त रीसलिंग आणि काम बहुतेक गोड-आंबट घाटाचं. त्यांची काबिनेट मिळाली तर वरच्या आमटीच्या हिशेबाचा नमुना म्हणून ती प्यावी. अडचण एवढीच की चारेक हेक्टरमध्ये वाइन होऊन होऊन किती होणार. ती जगभर वाटली जाते आणि दुकानात आली की संपते.

मिळायला सोपी आणि माझ्या मते शिकायला अधिक चांगली घराणी जार नदीच्या खोऱ्यात आहेत. जार ही मोझेलची उपनदी, तिचं खोरं मोकळं, वाऱ्याचं, मुख्य नदीपेक्षा थंड. पूर्वी इथे दहा वर्षांत तीन-चारच वर्षं द्राक्ष नीट पिकायचं, आता हवामान तापल्यावर हेच खोरं सुखात आहे. (सुखाची दुसरी बाजूही आहे. गोठलेल्या द्राक्षांच्या 'आइसवाइन'साठी उणे 7 अंश लागतात, आणि 2019 सालच्या पिकात अख्ख्या जर्मनीत कोणालाही ती साधली नाही. 2024च्या एप्रिलअखेर उशिरा पडलेल्या हिमतुषाराने जार आणि रूवर (मोझेलची आणखी एक उपनदी) यांच्या काठच्या कोवळ्या फुटी जाळल्या, त्या वर्षीची जारची बाटली दिसली तर ती थोड्यांतली थोडी आहे असं समजावं.) इथे निडरमेनिश गावात हॉफगूट फाल्केनश्टाइन आहे. ते पिंपं एकमेकांत मिसळत नाहीत. मोझेलचं जुनं पिंप म्हणजे 'फूडर', हजार लिटरचं. एक फूडर म्हणजे एक वाइन, तेराशे-साडेतेराशे बाटल्या, संपला विषय. रसात साखर घालत नाहीत, गोडीसाठी न आंबवलेला रसही मिसळत नाहीत, त्यामुळे एखादं पिंप आपणहून पुढे आंबून कोरडं झालं तर ते कोरडंच भरलं जातं. पिंपांना नावं माणसांची: मुटर आना, ओंकेल पेटर. आना आई आणि पीटर काका. आपल्याकडे शेताच्या तुकड्याला म्हातारीचं वावर म्हणतात, तसंच. वाइन सडसडीत, आम्ल धारदार. पहिल्या घोटाला खडूस वाटते, तिसऱ्याला नाही.

जारवरच आयल गावात पेटर लाउअर. इथे बाटलीवर मोठा आकडा दिसेल, तो पिंपाचा. लाउअर यांचं बलस्थान म्हणजे मधली, फाइनहेर्ब गोडी, जी जेवणाबरोबर सगळ्यांत सोपी जाते. आयलर कुप्प हा त्यांचा डोंगर. 1971च्या कायद्याने या नावाची हद्द शेजारच्या कमी-अधिक प्रतीच्या जमिनींवर पसरवून ठेवली. या घराण्याने श्टिर्न, केर्न, उंटरश्टेनबेर्ग, शोनफेल्स ही तुकड्यांची जुनी नावं बाटलीवर परत आणली. नकाशावर हद्द वाढवणं सोपं असतं, चढाचं तोंड फिरवता येत नाही.

रूवरच्या छोट्या खोऱ्यात लहान घराणं सुचवणं अवघड आहे. मॅक्सिमिन ग्र्युनहाउस लहान नाही, पण एका कुटुंबाच्या हातात 1882 पासून आहे आणि त्याच्या तीन मळ्यांची नावं सांगण्यासारखी आहेत. मठ असताना आप्ट्सबेर्गची वाइन मठाधिपतीला, हेरेनबेर्गची भिक्षूंना, ब्रूडरबेर्गची खालच्या सेवेकऱ्यांना जायची. हा क्रम आजही बाटलीच्या किमतीत दिसतो.

मधल्या मोझेलवर, ट्राबेन-ट्रारबाखला, वाइझर-क्युन्स्टलर हे 2005 साली सुरू झालेलं चारेक हेक्टरचं जोडप्याचं काम आहे. एनकिर्श गावचा एलरग्रूब हा चढ, त्यावरच्या स्वमुळावरच्या जुन्या वेली आणि सेंद्रिय शेती. सेंद्रिय हा शब्द सपाटीवर स्वस्त असतो, उभ्या चढावर नाही: तणनाशक नाही म्हणजे गवत हाताने काढायचं, आणि भुरी-केवड्यासाठी फक्त गंधक-तांबं म्हणजे पावसाळी वर्षात पुन्हा पुन्हा फवारणी. तिथून खाली प्युंडरिशला क्लेमेन्स बुश आहेत. ते बरेच मोठे आहेत, पण घर एकच आणि वाइन बहुतेक कोरडी. मारियनबुर्ग हा त्यांचा चढ, आणि पाटीचा दगड तिथे तीन रंगांत येतो. बाटलीचं टोपण त्याप्रमाणे करडं, निळं किंवा लाल असतं. कोब्लेन्झ-ट्रिअर रेल्वेने गेलात तर प्युंडरिशला गाडी उताराला चिकटलेल्या कमानींच्या लांब पुलावरून जाते, तेव्हा मळे खिडकीतूनच दिसतात. ज्याला कोरडीच हवी त्याने आणखी खाली, कोब्लेन्झजवळच्या विनिंगनला जावं. तिथे हायमान-ल्योवेनश्टाइन यांच्या उलेन मळ्यावर दगडी बांधांच्या पायऱ्या आहेत, आणि वाइन इतकी भरदार की 'मोझेल म्हणजे हलकी' हे वाक्य तिथे गिळावं लागतं.

वरच्या मोझेलवर, लक्झेंबर्गच्या समोर, स्लेट संपते, चुनखडी लागते आणि रीसलिंगच्या जागी एल्बलिंग येतं. स्वस्त, आंबट, साधं. नित्तेल गावात ते बुडबुड्यांचं करतात. उन्हाळ्यातल्या दुपारी त्याहून जास्त काही लागत नाही.

फ्रँकफुर्ट, श्टुटगार्टकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना हे सगळं शनिवार-रविवारात जमतं. ट्राबेन-ट्रारबाखला जायचं तर बुल्लायला गाडी बदलावी. बेर्नकास्टलला रेल्वेच नाही, विटलिशहून बस. घराण्याकडे जाण्याआधी ईमेल करून वेळ घ्यावी. तिथे दुकान नसतं, दार उघडणारा माणूस आत्ताच चढावरून उतरलेला असतो. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबर संपेपर्यंत काढणी, त्या काळात विचारूही नये. चाखताना थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरलं तर कोणी रागावत नाही. आठ वाइन चाखून एकही न घेता निघणं मात्र बरं दिसत नाही. मळ्यावर साध्या रीसलिंगची बाटली साधारण 10 ते 15 युरोला पडते, नावाच्या चढावरची काबिनेट 15 ते 25. वेळ ठरली नसेल तर दारावर फांद्यांची जुडी किंवा केरसुणी टांगलेलं घर शोधावं. ते 'श्ट्राउसविर्टशाफ्ट': शेतकऱ्याला वर्षातून चार महिने स्वतःची वाइन आणि साधं जेवण घरी विकायची मुभा असते.

भारतात आणताना प्रवाशाला 2 लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. म्हणजे 750च्या दोन बाटल्या आणि 375ची एक अर्धी. तीन पूर्ण बाटल्या झाल्या की 250 मिलिलिटर जास्त. मोझेलची हिरवी बाटली उंच असते, बॅगेत सरळ मावत नाही, तिरपी ठेवावी आणि मानेभोवती कपडे जास्त गुंडाळावेत, कारण तुटते ती तिथेच. घरी आल्यावर तिचा खरा शत्रू एप्रिल. स्वयंपाकघरातलं कपाट, माळा, फ्रीजच्या वरची जागा या तिन्ही ठिकाणी ती महिन्या-दोन महिन्यांत शिजते. बूच वर सरकलेलं दिसतं किंवा टोपणाखाली चिकट ओघळ येतो. 12-14 अंशांचं कपाट नसेल तर सरळ फ्रीजमध्ये आडवी ठेवावी. वर्षभरासाठी ती सोय चालून जाते.

उघडल्यावर तीन गोष्टींनी माणूस दचकतो. तळाशी किंवा बुचाला काचेसारखे खडे दिसतात. ते टार्टारिक आम्लाचे, थंडीत जमलेले, निरुपद्रवी. दुसरं, नव्या बाटलीला विझवलेल्या काडीचा, कधी उकडलेल्या अंड्याचा वास येतो. रानटी यीस्टने सावकाश आंबवलेल्या वाइनला तो सुरुवातीला असतोच. रुंद भांड्यात ओतून अर्धा-एक तास ठेवली की बहुतेक वेळा जातो, नाहीतर बाटली दोन वर्षं लवकर उघडली असं समजावं. तिसरं म्हणजे रॉकेल. जुन्या रीसलिंगला रॉकेलसारखा वास असतो, तो द्राक्षाच्या सालीतल्या रंगद्रव्यांपासून बनणाऱ्या एका संयुगाचा. दहा वर्षांच्या बाटलीत तो मंद, मधाच्या वासात मिसळलेला असेल तर छान. पण दोन वर्षांच्या बाटलीत भसकन आला तर द्राक्ष उन्हात भाजलेलं होतं, किंवा बाटली गोदामात तापली.

फ्रीजमधून काढल्या काढल्या ओतू नये. 4-5 अंशांवर वास बंद असतो आणि नुसतं आम्ल लागतं. पंधरा-वीस मिनिटं बाहेर, मग 8 ते 10 अंशांवर बरोबर येते.

आणि जेवण. तिखटाबरोबर जास्त अल्कोहोलची वाइन घेतली की मिरची दुप्पट पेटते, हे कोल्हापुरी रश्शाबरोबर 14 टक्क्यांची लाल वाइन पिऊन पाहिलेल्यांना ठाऊक आहे. 8 टक्के आणि थोडी साखर असली की मिरची खाली बसते. नारळाच्या दुधातलं कोलंबीचं कालवण, चिंचगुळाचं आळूचं फदफदं, दाण्याच्या कुटातली भरली वांगी, या सगळ्यांना काबिनेट किंवा फाइनहेर्ब चालते. तळलेलं पापलेट आणि तिसऱ्या (शिंपल्या) कोरडीबरोबर. मात्र नियम एक पाळावा: पदार्थ वाइनपेक्षा आंबट नको आणि गोडही नको. पापलेटवर अख्खं लिंबू पिळलं की वाइन पाणचट होते. पुरणपोळी किंवा श्रीखंडाबरोबर श्पेटलेझे दिली तर तिची सगळी गोडी पोळी गिळते आणि ग्लासात नुसता आंबट ओघळ उरतो. तिथे वाइन देऊच नये, दूध-तूप बरं. मेथी आणि कारल्यापुढेही ती हात टेकते. आणि तांबडा रस्सा खरोखरच झणझणीत असला, तर वाइन चांगली आहे की वाईट हे कोणालाही कळणार नाही, तेव्हा विली शेफरची बाटली त्या दिवशी उघडू नये.

उरलेली बाटली बूच लावून फ्रीजच्या दारात. आम्ल, साखर आणि सल्फर तिघं मिळून ती चार-पाच दिवस सांभाळतात. फाल्केनश्टाइनसारख्या खडूस वाइन तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक मोकळ्या होतात, मुरलेल्या आमटीसारख्या.